अनुभव सांगा : कोविडमुळे लांबलेली (किंवा घाईत उरकलेली) लग्नं आणि मुलं

लॉकडाउन लागला तेव्हा 'आता डिसेंबरात बारशीच बारशी' असे विनोद फिरत होते. आमच्या सोसायटीत तर पुढची दोन वर्षं पाळणाच हलला नाही. १९१८ च्या तापाच्या साथीत ऐन तिशीतली माणसं गेली, १९१९ मध्ये जन्म घटले आणि १९२१ च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या १९११ पेक्षाही कमी भरली. या वेळी तुमच्या घरात काय झालं? मोडलेलं, जुळलेलं, सगळं लिहा.

पुणे : आमचं लग्न एप्रिल २०२१ अखेर. पंचवीस माणसं, दोन तास, नियम मोडला तर पन्नास हजार दंड. भटजी पंचविसांत धरायचे का, यावर दोन्ही घरांत फोनाफोनी. मामा क्वारंटाइन, म्हणून मला बोहल्यावर धाकट्या भावानं आणलं. वाचलेले पैसे फ्लॅटला लावले. मूल मात्र नोकरीची धाकधूक संपेपर्यंत नको म्हणालो, ते २०२४ उजाडलं.

ठाणे : मी तेव्हा ३९. आयव्हीएफची इंजेक्शनं सुरू व्हायची त्याच आठवड्यात क्लिनिक बंद. उघडलं तोवर एएमएच (स्त्रीबीजं किती उरलीत याचा अंदाज देणारी रक्तचाचणी) आणखी खाली. शेवटी डोनर एग, म्हणजे दुसऱ्या स्त्रीचं बीज घेतलं. लेक आता नर्सरीत आहे. तरी 'थोडं थांबा, घाई काय' म्हणणाऱ्यांचा राग येतो तो येतोच.

बीड, शिक्षक : आमच्याकडे उलटं. शाळा बंद, हाताला काम नाही, त्यात लग्न पन्नास माणसांत उरकतं, म्हणजे बापाला स्वस्त. शिवाय ऊसतोडीला उचल (आगाऊ पैसे) मिळते ती कोयत्यावर, म्हणजे जोडप्यावर, म्हणून पोरींची लग्नं लवकर. शाळा उघडली तेव्हा नववीतल्या काही मुली आल्याच नाहीत. त्यातली एक पुढं बाजारात भेटली, कडेवर पोर. म्हणाली, "सर, दहावी बाहेरून देता येते का?" १७ नंबरचा फॉर्म भरायचा तर शाळा सोडल्याचा दाखला हवा, तो सासऱ्याच्या पेटीत. मी दोनदा घरी गेलो, चहा मिळाला, दाखला नाही. मग शाळेतून दुय्यम प्रत काढली.

चिपळूण : नवरा शारजात, विमानं बंद. दुसरं मूल त्याच वर्षी हवं होतं, राहिलं ते राहिलंच. सासूबाई अजून विमान कंपनीला शिव्या घालतात.