टर्कीचे बर्गर कोरडे का होतात?

नमस्कार मंडळी,
कामावरून उशीर झाला की रात्री टर्कीचे बर्गर करते. अर्ध्या तासात जेवण होतं, पण पॅटी दर वेळी कोरडी, अगदी चोथा. खिमा ९९ टक्के चरबीविरहित आणते, आणि आत कच्चं राहील या भीतीने जरा जास्तच भाजते. काय चुकतंय?

---

ताई, तुम्ही शेवटी लिहिलेल्या दोन गोष्टींनीच घात केलाय.

९९ टक्के म्हणजे नुसत्या छातीच्या मांसाचा खिमा. मांडीचं मांस असलेला, ९३ टक्केवाला घ्या. ५०० ग्रॅमला पावाचा एक स्लाइस तीन चमचे दुधात भिजवून, कुस्करून घाला. मांस तापलं की आक्रसतं आणि पाणी सोडतं. भिजलेला पाव ते धरून ठेवतो. सोबत अर्धा कांदा किसून, मिरपूड. मीठ मात्र खिम्यात कालवू नका. मीठ घालून मळलं की प्रथिनं एकमेकांना चिकटतात आणि पॅटी रबरासारखी होते. तव्यावर टाकायच्या क्षणी वरून भुरभुरवा. आणि खिमा मळायचा नाहीच, हलक्या हाताने एकत्र करायचा.

ओल्या हातांनी चार पॅटी, दोन सेंटिमीटर जाड, मधे अंगठ्याने खळगा, म्हणजे त्या फुगून गोल होत नाहीत. मध्यम आचेवर एका बाजूने पाच मिनिटं, उलटून झाकण ठेवून चार-पाच. कालथ्याने दाबू नका, सगळा रस तव्यात जातो.

भीतीवर उपाय एकच, थर्मामीटर. कडेने आडवा, मध्यापर्यंत खुपसा. ७४ अंश सेल्सिअस, म्हणजे १६५ फॅरनहाइट दिसलं की लगेच उतरवा. रंगावर जाऊ नका: नीट शिजलेली टर्कीही आतून गुलाबी दिसू शकते, आणि पांढरी झालेली शिजलीच असेल असं नाही.

---

वहिनींच्या पत्राला एक जोड. आम्ही सुट्टीच्या दिवशी दुप्पट पॅटी करतो आणि मधे कागद घालून कच्च्याच फ्रीझरमध्ये ठेवतो. आदल्या रात्री खाली फ्रीजमध्ये काढायच्या. ओट्यावर वितळवू नका. कच्चा खिमा नुसत्या फ्रीजमध्ये दोन दिवसांपलीकडे ठेवू नये.

---

वहिनी, काल केले. थर्मामीटरने नवव्या मिनिटाला ७४ दाखवलं. मी एरवी पंधरा मिनिटं भाजत होते! मुलाने दुसरा मागून घेतला. चीज कधी ठेवायचं तेवढं सांगा.

---

शेवटच्या मिनिटाला, झाकणाखाली.