पार्किंगमधला स्टॉल आणि चाळीस हजारांचं बिल
(विश्रामबाग, सांगली. सोसायटीचा ग्रुप, शनिवार रात्र ते रविवार दुपार)

वहिनी (बी-३०३): नमस्कार. सेक्रेटरी, गणपतीच्या आधी पार्किंगमध्ये क्रेडिट कार्डवाल्यांचा स्टॉल कुणाला विचारून लावला होता ते सगळ्यांसमोर सांगा. आमच्या चिरंजीवांनी तिथंच फॉर्म भरला. कुपवाड एमआयडीसीतली पहिलीच नोकरी. आज बिल माझ्या हातात पडलं, ₹४०,००० बाकी. घरात कुणाला पत्ता नाही.

तात्या (सी-४०१): मी तेव्हाच बोललो होतो. कार्ड कात्रीनं कापा आणि मोकळे व्हा.

सेक्रेटरी (ए-१०१): वहिनी, स्टॉलचा विषय कमिटीत झाला होता. त्यांनी गणपतीला ₹३,००० दिले. सही करायला कुणी हात धरला नव्हता. सगळे सुशिक्षित आहेत.

खजिनदार (ए-२०४): ₹३,००० ची पावती फाडलेली आहे. नंतर कुणी हिशोब मागायला नको म्हणून आत्ताच सांगतो.

वहिनी (बी-३०३): हिशोब मी मागितलेलाच नाही. पोराच्या हातात पेन कुणी दिलं ते विचारतेय.

ए-४०३: टाकी धुवायचं काय झालं? पाण्याला वास येतोय.

बी-३०३ (चिरंजीव): आई, हे ग्रुपवर कशाला? आणि मी दर महिन्याला भरतोय. ॲपमध्ये जे २,००० दाखवतात ते वेळेवर जातात. एकदाही तारीख चुकलेली नाही.

वहिनी (बी-३०३): तुझ्याशी घरी बोलते. स्टॉल सोसायटीत लागला म्हणून इथं लिहिलंय.

दादा (बी-१०४): वहिनी, कार्डाला उगाच शिव्या नका देऊ. माझं कित्येक वर्षं आहे, व्याजाचा एक रुपया दिलेला नाही. मागच्या वर्षीचं विमानाचं तिकीट कार्डाने खरेदी केल्यावर मिळतात त्या पॉइंटवर काढलं.

तात्या (सी-४०१): तुमचे पॉइंट कुणाच्या तरी व्याजातूनही येतात. कार्ड कात्रीनं कापा.

नाना (सी-१०२): बाळा, तू तारीख पाळलीस हे चांगलं केलंस, लेट फी वाचली. पण ते २,००० म्हणजे ‘किमान देय’, लेट फी टाळण्यापुरती रक्कम. बिल वेगळं. साधा हिशोब बघ. बाकी ४०,०००. व्याज महिना साडेतीन टक्के धरलं तर १,४००. त्यावर १८ टक्के जीएसटी, २५२. झाले १,६५२. तू भरले २,०००. म्हणजे मुद्दलातून गेले फक्त ३४८ रुपये. शिवाय पूर्ण बिल भरलं नाही की नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदत जाते. दुसऱ्या दिवशी घेतलेल्या चहावरसुद्धा त्याच दिवसापासून व्याज.

बी-३०३ (चिरंजीव): ३४८??

शेठ (ए-४०२): महिना साडेतीन म्हणजे वर्षाला ४२ टक्के की ओ! मार्केट यार्डात हळदीच्या उचलीवर आम्ही एवढं लावलं तर शेतकरी दुसऱ्या दिवशी पोती दुसऱ्या अडत्याकडं उतरवेल.

काकू (ए-३०१): *फॉरवर्ड केलेला संदेश:* क्रेडिट कार्डवर ३० टक्क्यांपेक्षा जास्त व्याज घेणं बेकायदा! ग्राहक आयोगाचा निकाल! सर्वांना पाठवा!

वकीलसाहेब (सी-३०२): काकू, हा निकाल २००८ चा, राष्ट्रीय ग्राहक आयोगाचा. सुप्रीम कोर्टाने २० डिसेंबर २०२४ ला तो रद्द केला. आता ३० टक्क्यांची मर्यादा लागू नाही. कृपया पुढे पाठवू नका, लोक बँकेत जाऊन भांडतात आणि हात हलवत परत येतात.

काकू (ए-३०१): बरं बाई. मला भाचीने पाठवलं होतं.

सेक्रेटरी (ए-१०१): म्हणजे दोष व्याजाचा. स्टॉलचा नाही. मुद्दा संपला असेल तर ग्रुप फक्त सूचनांसाठी वापरावा ही विनंती 🙏

नाना (सी-१०२): संपलेला नाही. सेक्रेटरी, राग नसावा. दारात येऊन कार्ड गळ्यात मारायची ही रीत जुनी आहे आणि तिचं काय होतं तेही जगाने बघितलंय. १९५० मध्ये न्यूयॉर्कला डायनर्स क्लबचं कार्ड निघालं. पुठ्ठ्याचं. हॉटेलात जेवा, महिन्याच्या शेवटी सगळं बिल चुकतं करा. बाकी ठेवायची सोयच नव्हती.

मग १९५८. बँक ऑफ अमेरिकेने कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो गावात ६०,००० लोकांना टपालाने कार्डं पाठवली. कुणी मागितली नव्हती. आणि त्यात नवी सोय होती, थोडं भरा, उरलेलं पुढच्या महिन्यात, व्याजासकट. बँकेचा अंदाज होता की ४ टक्के लोक थकतील. थकले २२ टक्के. चोऱ्या आणि बनावट वापर झाला तो वेगळाच. बँकेला मोठा फटका बसला, पण ती थोडं थोडं भरायची सोय तिने सोडली नाही, कारण पुढे खरी कमाई तिथंच झाली. १९७६ पासून त्याच कार्डाचं नाव व्हिसा. न मागता कार्ड पाठवायला अमेरिकेने १९७० मध्ये कायद्याने बंदी घातली.

बी-२०२: नाना, एवढं वाचेपर्यंत माझी भाकरी करपली 😀

दादा (बी-१०४): ते पाकीट विसरल्याचं काय नाना? एक साहेब हॉटेलात पाकीट विसरले आणि त्यातून कार्ड सुचलं, असा फॉरवर्ड आला होता.

नाना (सी-१०२): साहेब खरे, डायनर्स क्लब काढणारे फ्रँक मॅकनमारा. गोष्ट मात्र जाहिरातीसाठी रंगवलेली, असं त्यांच्याच प्रसिद्धीचं काम बघणाऱ्याने पुढे सांगितलं.

ए-४०३: टाकी?

खजिनदार (ए-२०४): टाकीवाला बुधवारी येतोय. कृपया दर तासाला विचारू नये.

ए-४०३: दर तासाला नाही, दर महिन्याला विचारतोय. मेंटेनन्स आम्हीही भरतो.

दादा (बी-१०४): मेंटेनन्सवरून आठवलं. तो कार्डावर घ्या की. सगळ्यांचा फायदा.

खजिनदार (ए-२०४): कार्डाने घेतलं की मधल्या कंपनीचा कट बसतो. तो सोसायटीने का सोसायचा? तुमच्या पॉइंटसाठी सी विंगच्या पेन्शनरांनी पैसे घालायचे?

दादा (बी-१०४): मी सुचवलं फक्त. लगेच अंगावर येऊ नका.

तात्या (सी-४०१): कार्ड कात्रीनं कापा. तिसऱ्यांदा सांगतोय.

नाना (सी-१०२): तात्या, तुमची कळकळ कळते. पण कात्रीने प्लास्टिक कापलं जातं, खातं चालूच राहतं. वार्षिक फी लागते, बाकीवर व्याज लागतं, आणि ती न भरलेली फी सिबिलमध्ये, म्हणजे आपल्या कर्जफेडीच्या नोंदीत दिसते. बँकेत कित्येक माणसं माझ्यासमोर कापलेलं कार्ड घेऊन बसलेली मी बघितली आहेत. कार्ड बंदच करायला लागतं, लेखी.

तात्या (सी-४०१): मग बंद करून कापा.

रविवार

वहिनी (बी-३०३): रात्री पोराला समोर बसवून सगळं बघितलं. फोन १८,००० चा. उरलेलं मला कळेचना कुठं गेलं. हरभट रोडवर ३४०, पेट्रोल ५००, भडंग १२०, मित्रांचा चहा. सगळं क्यूआर स्कॅन करून.

बी-३०३ (चिरंजीव): ते यूपीआयला जोडलंय. स्कॅन केलं की पैसे जातात. खात्यातून गेले की कार्डातून, लक्षातच राहत नाही.

नाना (सी-१०२): हे फार महत्त्वाचं सांगितलंस. २०२२ पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं. सोय चांगली आहे. पण पूर्वी मशीनवर कार्ड घासताना, सही करताना माणूस एकदा तरी थांबायचा. आता चहावाल्याकडेही उधारी होते आणि चहावाल्याला वाटतं रोख मिळाली. तू ती जोडणी काढून टाक. यूपीआय फक्त पगाराच्या खात्यावर ठेव. खिशात नाही तेव्हा स्कॅन होणार नाही, एवढंच.

शेठ (ए-४०२): किराणा दुकानात वहीवर लिहायचे तेव्हा दुकानदार तोंडावर म्हणायचा, मागची बाकी जास्त झालीय, आज जरा जपून. ॲप म्हणतं तुमची लिमिट वाढवली!

वकीलसाहेब (सी-३०२): लिमिट ग्राहकाच्या स्पष्ट संमतीशिवाय वाढवता येत नाही. रिझर्व्ह बँकेचे कार्डाबद्दलचे तसे निर्देश आहेत. आणि सेक्रेटरी, त्याच निर्देशात न मागता कार्ड द्यायला मनाई आहे. तसं कार्ड देऊन बिल लावलं, तर ती रक्कम मागे घ्यायची आणि वर दुप्पट दंड ग्राहकाला द्यायचा.

सेक्रेटरी (ए-१०१): वकीलसाहेब, इथं फॉर्म भरलेला आहे. सही आहे. मी काय बेकायदा केलं?

वकीलसाहेब (सी-३०२): बेकायदा म्हणालो नाही. पार्किंगमध्ये मिक्सर मोफत म्हणून सही घेतात तेव्हा त्या मुलाला व्याजदर कुणी वाचून दाखवला, एवढं विचारतोय.

काकू (ए-३०१): मिक्सर मलाही मिळाला. कार्ड आलं, ते मी कपाटात ठेवलंय. उघडलंच नाही. त्याचेही पैसे लागतात काय?

नाना (सी-१०२): काकू, ३० दिवसांत कार्ड चालू केलं नाही तर त्यांनी तुमची ओटीपीने संमती घ्यायची असते. ती नाही दिली तर सात कामाच्या दिवसांत बिनखर्चाने बंद करायचं. तुम्ही फोनवर कुणाला ओटीपी सांगितला होता का?

काकू (ए-३०१): नाही हो. परवा एक जण म्हणाला पॉइंट आज संपणार, नंबर सांगा. मी म्हटलं हे घरी नाहीत, नंतर करा.

नाना (सी-१०२): उत्तम केलंत! असं कुणाला ओटीपी दिला गेला तर लाजत बसू नका, त्याच मिनिटाला बँकेला कळवून कार्ड बंद पाडायचं आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करायचा. आपण स्वतः ओटीपी दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपल्याच अंगावर पडतं. म्हणून वेळ घालवायचा नाही.

दादा (बी-१०४): नाना, माझ्यासारख्या नीट वापरणाऱ्यालाही चार शब्द सांगा. कालपासून मीच आरोपी झालोय.

नाना (सी-१०२): तुम्ही आरोपी नाही. तुम्ही जे करता ते या मुलाला कुणी सांगितलं नाही, हे दुखणं आहे. ऑटो डेबिट कशावर लावलंय, पूर्ण बिलावर की किमान देयावर?

दादा (बी-१०४): पूर्ण बिलावर. पहिल्या दिवसापासून.

नाना (सी-१०२): हेच. बरेच जण घाईत किमान देयावर टिक करतात आणि बिल भरलं जातंय म्हणून निवांत असतात. आणि मोठी खरेदी बिल निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी करायची, तर ४५-५० दिवस पैसे बिनव्याजी वापरायला मिळतात. दवाखान्यात ॲडमिट करताना, रेल्वेचं तिकीट काढताना कार्डासारखी सोय नाही, हे मी स्वतः म्हणतो. एटीएममधून मात्र कधी पैसे काढायचे नाहीत. तिथं बिनव्याजी मुदत नसते, काढल्या क्षणापासून व्याज आणि वर फी.

बी-३०३ (चिरंजीव): नाना, आता ४०,००० चं काय करू? ॲपमध्ये ‘ईएमआयमध्ये बदला’ असं येतंय.

नाना (सी-१०२): आहे तसं चालू ठेवण्यापेक्षा ते बरं, दर कमी असतो. पण प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा जीएसटी धरून बघ. त्याआधी बाबांना विचार, त्यांच्या पगारदार पतसंस्थेतून कर्ज मिळेल का. वर्षाला १२ टक्के धरलं तरी ४०,००० वर पहिल्या महिन्याचं व्याज ₹४००. तू आत्ता १,६५२ देतोयस.

वहिनी (बी-३०३): यांनी होकार दिलाय. सोमवारी अर्ज देतात. हप्ता त्याच्याच पगारातून जाणार, हे ठरलं.

तात्या (सी-४०१): आणि कार्ड?

बी-३०३ (चिरंजीव): कापतो तात्या 🙏

नाना (सी-१०२): थांब. आधी पूर्ण भर. पुढचं एक बिल येऊ दे, कारण बिल निघाल्यापासून तू भरेपर्यंतच्या दिवसांचं व्याज त्यात येतं. लोक तिथंच फसतात, शंभर-दोनशे रुपये मागे राहतात आणि त्यावर लेट फी चढते. ते शून्य झालं की बंद करायचा अर्ज कर, ॲपवरून किंवा ईमेलने, आणि पोच जपून ठेव. बाकी काही नसेल तर सात कामाच्या दिवसांत त्यांनी बंद करायचं, नाहीतर पुढच्या प्रत्येक दिवसाचे ₹५०० ते तुला देणं लागतात. नंतर सिबिलचा रिपोर्ट काढ, वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. त्यात खातं बंद दिसायला हवं. तुला उद्या घरासाठी कर्ज लागेल तेव्हा हेच बघतात.

वहिनी (बी-३०३): नाना, तुमचे आभार. सेक्रेटरी, माझा प्रश्न अजून तसाच आहे.

सेक्रेटरी (ए-१०१): पुढच्या रविवारी कमिटीची मीटिंग आहे. सोसायटीच्या आवारात कुठल्याही कंपनीचा स्टॉल लावायचा नाही, हा विषय घेतो. गणपतीची वर्गणी मग प्रत्येक फ्लॅटमागे ₹१०० वाढेल, हेही तिथंच मांडतो.

शेठ (ए-४०२): माझे ५०० लिहा.

ए-४०३: माझे १००. टाकी धुतल्यावर.

वकीलसाहेब (सी-३०२): ठराव लेखी घ्या. मसुदा मी देतो.

बी-३०३ (चिरंजीव): नाना, बिलाची पीडीएफ पाठवू का? दोन ओळी कळत नाहीयेत.

नाना (सी-१०२): मला एकट्याला पाठव, ग्रुपवर नको. कार्डाचा नंबर झाकून. आणि चारनंतर वर ये, कॅल्क्युलेटर घेऊन बसू.