चेंबर म्युझिक आणि जेवण: आधी की नंतर?

अंतरा_लंडन
परवा मैत्रिणीबरोबर लंडनच्या विगमोर हॉलला शुबर्टचं सी मेजर क्विंटेट, म्हणजे पाच तंतुवाद्यांची रचना, ऐकलं. कार्यक्रम साडेसातचा, म्हणून तिच्या आग्रहाखातर सहालाच जेवलो. माझं मत मात्र ठाम आहे: जेवण नंतरच हवं. घड्याळाकडे बघत घास गिळायचे आणि इतकं काही ऐकल्यावर स्टेशनवर घाईघाईने निरोप घ्यायचा, मग दोघींनी मिळून जायचं कशाला? चेंबर म्युझिक, म्हणजे मोजक्या वाद्यांचं संगीत, मुळात घरातलं. १७८४च्या सुमारास व्हिएन्नात संगीतकार स्टीफन स्टोरेसच्या घरी चौघं संगीतकार क्वार्टेट वाजवायला बसले: हायडन आणि डिटर्सडॉर्फ व्हायोलिनवर, मोझार्ट व्हायोलावर, वानहाल चेलोवर. गायक मायकेल केली तिथे हजर होता. त्याने आठवणींत लिहिलंय की वादन झाल्यावर सगळे जेवायला बसले आणि मग खरी धमाल आली. क्रम बघा.

विनय_ठाणे
हे उदाहरण तुमच्याच विरोधात जातं. ते यजमानाचं घर होतं, मागे स्वयंपाक तयार होता. विगमोर हॉल १९०१चा, साडेपाचशेच्या आसपास लोक बसतात. तिथून साडेनऊनंतर बाहेर पडलात की बऱ्याच हॉटेलांत आवराआवर सुरू झालेली असते. शिवाय पन्नासेक मिनिटांचं क्विंटेट रिकाम्या पोटी कसं ऐकायचं? अडाजिओच्या, म्हणजे त्यातल्या संथ भागाच्या, सुरुवातीला मधली तीन वाद्यं लांबच लांब सूर धरून असतात, दुसरा चेलो नुसती तार छेडतो आणि वर पहिलं व्हायोलिन तुटक काहीतरी म्हणत राहतं. एवढं बारीक ऐकायला मन स्थिर हवं, आणि भुकेल्या माणसाचं ते राहत नाही.

मृण्मयी
मला आधीनंतरचा प्रश्नच पटत नाही. शुबर्टने हे १८२८ मध्ये लिहिलं आणि त्याच नोव्हेंबरात, एकतिसाव्या वर्षी, तो गेला. पहिला जाहीर प्रयोग थेट १८५० साली. असं काही ऐकून लगेच मेनूकार्ड हातात घ्यायचं? मी तरी सरळ घरी जाते, कुणाशी बोलत नाही.

राजाभाऊ_पुणे
इतकं सोवळं कशाला? जर्मन संगीतकार टेलेमानने १७३३ मध्ये 'टाफेलम्युझिक' छापलं, म्हणजे पंगतीसाठीच संगीत. आपल्या सवाईलाही लोक मधेच उठून स्टॉलवर खाऊन येतात आणि पुन्हा तितक्याच तन्मयतेने ऐकतात.

विनय_ठाणे
राजाभाऊ, टेलेमानचा न्याय शुबर्टला लावू नका. आणि सवाईत रात्रभराच्या बैठकींमुळे ती सवय लागली, तिथे खाणं ही गरज होती.

अंतरा_लंडन
मृण्मयी, गप्प राहणं मला जमणार नाही. क्विंटेटचा शेवट आठवा. नाचरी चाल वेग घेत जाते, आता आनंदात संपणार असं वाटतं, आणि अगदी शेवटी पाचही वाद्यं कोमल रिषभाचा जोरकस आघात करून षड्जावर येतात. मला तिथे भीती वाटली. मैत्रिणीला काय वाटलं ते मला त्याच रात्री, समोर बसून ऐकायचं होतं. दुसऱ्या दिवशीच्या मेसेजमध्ये ते येत नाही. विनय, हॉटेलांचं म्हणणं मान्य. पुढच्या वेळी साडेसहाला एक सँडविच, आणि कार्यक्रमानंतर माझ्याकडे पिठलं-भात. तिला मुक्कामालाच ये म्हणून सांगितलंय.