सेबर इंजिनाच्या प्रीकूलरवर बर्फ का धरत नाही?

विमानवेडा:
सेबर हे रॉकेटसारखं पण हवाही वापरणारं इंजिन. मॅक 5 ला, म्हणजे आवाजाच्या पाचपट वेगाला, आत येणारी हवा 1000 डिग्रीची असते आणि सेबरचा प्रीकूलर, म्हणजे हवा आधीच थंड करणारा नळ्यांचा भाग, ती सेकंदाच्या शंभराव्या भागात उणे 150 वर आणतो, हे वाचलं. पण हवेत बाष्प असतंच ना, मग त्या एक मिलिमीटरच्या नळ्यांमधल्या फटी बर्फाने बुजायला हव्यात. फ्रिजसारखं मधेच गरम करून बर्फ वितळवतात का?

थंडडोकं:
नाही रे, तेवढा वेळच नसतो. फटी इतक्या बारीक की काही सेकंदांत हवा अडते, आणि गरम करायला नळ्यांतून वाहणारं थंड हेलियम थांबवलं की इंजिनच बंद. म्हणून बर्फ होऊच द्यायचा नाही, हवेत मिथेनॉल फवारायचं. ते पाण्यात मिसळलं की गोठणबिंदू खूप खाली जातो आणि पाणी द्रवच राहतं.

विमानवेडा:
पण मिथेनॉल स्वतःच उणे 98 च्या आसपास गोठतं की! उणे 150 ला काय?

थंडडोकं:
खरी गंमत तिथेच आहे. मिथेनॉल थंड बाजूला सोडतात, तिथे खाली आलेलं मिश्रण गोळा करून पुन्हा त्याच्या आधीच्या, जरा गरम टप्प्यावर फवारतात, म्हणजे ते हवेच्या उलट दिशेने सरकतं आणि वाटेत पाणी उचलत जातं. त्यामुळे मिथेनॉल कमी लागतं, विमानात तर एकेक किलो महाग. गोठायच्या आधीच द्रव बाहेर काढला की पुढे बाष्प जवळपास उरतच नाही, कारण थंड हवेत बाष्प कमीच मावतं: 20 डिग्रीला संपृक्त बाष्पाचा दाब 2300 पास्कल असतो, शून्याला 611, आणि उणे 80 ला एका पास्कलपेक्षाही कमी.

जेटप्रेमी:
शिवाय ही कटकट खालच्या दमट हवेतच, उंचावर हवा कोरडीच असते. सेबर बनवणाऱ्या रिअ‍ॅक्शन इंजिन्स या ब्रिटिश कंपनीने 2012 ला साधी बाहेरची हवा ओढून उणे 150 पर्यंत नेऊन दाखवली, बर्फ न धरता. पद्धत मात्र कितीतरी दिवस गुपित, पेटंटसुद्धा काढलं नव्हतं, मिथेनॉलचं नंतर 2015 च्या सुमारास बाहेर आलं. 2019 ची कोलोराडोची मॅक 5 वाली टेस्ट वेगळी, तिचा भर उष्णतेवर होता, बर्फावर नाही, लोक दोन्ही एकत्र करतात.

विमानवेडा:
अच्छा, मग आता पुढे काय चाललंय त्याचं?

जेटप्रेमी:
काही नाही, पैसे संपले, ऑक्टोबर 2024 ला कंपनी दिवाळखोरीत गेली 😔