मदत हवी आहे: सुबाभूळ आणि स्टायलोचं बी उगवत नाही, गरम पाण्यात काय चुकतंय?

मुरमाड_माळ:
शेळ्यांच्या चाऱ्यासाठी पाऊण एकर माळावर सुबाभूळ आणि मधल्या पट्ट्यांत स्टायलो हमाटा (शेंगवर्गीय चारा पीक) करायचं आहे, कोरडवाहू. पेरणीआधी सुबाभळीचं १००-१०० बी ओल्या गोणपाटात ठेवून पाहिलं. दहाव्या दिवशी असं दिसलं:
काहीच न केलेलं: १४ उगवलं, ७५ खड्यासारखं टणक, ११ कुजलं.
उकळतं पाणी ओतून रात्रभर तसंच ठेवलेलं: ३१ उगवलं, ६ टणक, ६३ मऊ, बुळबुळीत.
बी जुनं असेल का? कवच मऊ करायला ॲसिड (गंधकाम्ल) वापरू का? आणि स्टायलोला काय करायचं?

चारा_कट्टा:
टणक बी ७५ वरून ६ वर आलं, म्हणजे कवच उघडलं. कुजलेलं ११ वरून ६३ वर गेलं, म्हणजे आतला कोंब शिजला. कोरडा कोंब थोडा वेळ उष्णता सोसतो. पण बियाच्या डोळ्याजवळची (बी शेंगेला चिकटलेलं असतं ती जागा) बारीक खिडकी उघडून पाणी आत शिरलं आणि ते पाणी अजून गरम असलं, की संपलं. म्हणून गरम पाण्यात मिनिटं मोजायची, रात्रभर भिजवायचं ते गार पाण्यात.

१ किलो बियाला ५ लिटर पाणी. उकळी आली की खाली उतरवा, ८० अंशांवर येऊ द्या (किती वेळ लागेल ते पातेल्यावर अवलंबून). ११० अंशांपर्यंतचा काचेचा थर्मामीटर घ्या, तापाचा ४२ वरच संपतो. बी सैल कापडात बांधून सोडा, हलवत राहा, सुबाभळीला ५ मिनिटं. बाहेर काढून लगेच गार पाण्यात, रात्रभर. सकाळी सावलीत सुकवा.

पाण्याचं माप का, तर ५ लिटरमध्ये १ किलो बी टाकल्यावर तापमान ४-५ अंशच उतरतं. १ लिटरमध्ये टाकलंत तर १४-१५ अंश उतरतं आणि बरंच बी टणकच राहतं. मग लोक वेळ वाढवतात, आणि वरचं बी कच्चं, तळाचं शिजलेलं.

बियांचा_डबा:
बी जुनं की नवं हे आधी ठरवा, उगाच अंदाज नको. ५० दाणे घ्या, डोळ्याच्या विरुद्ध बाजूला नेलकटरने कवचाचा पांढरा कण दिसेल इतकंच टोक कातरा. डोळ्याच्या बाजूला मूळ असतं, तिकडे कातरी लावायची नाही. गार पाण्यात ठेवा. कातरलेले दाणे दुसऱ्या दिवशी टरारून फुगतात. त्यातले जितके उगवतील, तेवढाच त्या बियाचा खरा जीव. कुठल्याही प्रक्रियेनं त्याहून जास्त मिळणार नाही. ५० पैकी ४० उगवले तर दोष गरम पाण्याच्या पद्धतीचा, १५ उगवले तर बियाचा.

ॲसिड शेतावर नकोच. २०१३ पासून किरकोळ विक्रीवर निर्बंध आहेत ते वेगळंच; खरा धोका धुताना असतो. ॲसिड नीट न निथळता वर पाव तांब्या पाणी ओतलं की ते उकळून उडतं. ८० अंशांच्या पाण्यात काम होत असताना डोळे कशाला धोक्यात घालायचे?

चारा_कट्टा:
स्टायलोला ३-४ मिनिटंच, दाणा बारीक. हमाटाच्या शेंगेच्या वरच्या तुकड्याला वाकडी चोच असते, त्यानं बी गुंतून गोळे होतात. हाताने चोळून सुटं करा. शेंगेसकट बियाला उष्णता सावकाश पोचते, म्हणून १०० दाण्यांची चाचणी घेऊनच वेळ पक्की करा. पाणी नको असेल तर दोन फळ्यांवर जाड वाळूकागद लावून बी हलकं रगडा. चमक गेली की थांबा, दाण्याची डाळ झाली की गेलं.

मुरमाड_माळ:
कातरून पाहिलं, ५० पैकी ४३ फुगून उगवले. म्हणजे बी चांगलं आहे. आता सगळंच प्रक्रिया करून पेरू?

बियांचा_डबा:
सुबाभूळ सगळं करा, ती ओळीत टोकायची आहे आणि नांग्या (न उगवलेल्या जागा) भरता येतात. स्टायलो मात्र निम्मंच. पहिल्या पावसावर सगळं एकदम उगवलं आणि मग तीन आठवडे उघडीप पडली तर माळ रिकामा. उरलेलं टणक बी नंतरच्या पावसांत, काही पुढच्या वर्षीही उगवतं. स्टायलोची खोली १ सेंटिमीटरहून जास्त नको. बी झाकायला काटेरी फांदी फिरवली तरी पुरे.

चारा_कट्टा:
रायझोबियम (मुळांवर गाठी करून नत्र देणारे जिवाणू) गार करून सुकवलेल्या बियालाच, गूळपाण्यात कालवून. गरम बियाला लावलंत तर जिवाणू मरतात. सुबाभळीला तिच्याच जातीचं संवर्धन मागा, सोयाबीनचं पाकीट चालत नाही. आणि बांधावर गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) लावणार असाल तर त्याच्या बियाला हे काहीही करू नका. त्याचं कवच पातळ असतं, गरम पाण्यात मरतं.