गीतेचा १५वा अध्याय: श्लोक येतात पण क्रम राहत नाही, घरातल्या वस्तूंची ट्रिक कोणी वापरलीय का?

गॅलरीतली_तुळस:
नमस्कार मंडळी, ऑनलाइन क्लासमध्ये १५वा अध्याय चालू आहे, २०च श्लोक आहेत पण माझी गाडी सारखी घसरते. एकेक सुटा विचारला तर धडाधड येतो, सलग म्हणायला गेलं की ९व्यानंतर थेट ११वा, नाहीतर ‘यदादित्यगतं तेजो’ झाल्यावर पुढचं काही केल्या सुचत नाही आणि समोर पुस्तक धरून बसलेल्या जाऊबाई गालात हसतात. क्लासमधली एक म्हणाली, दारापासून घरभर फिरायचं आणि एकेका वस्तूला एकेक श्लोक चिकटवायचा. संस्कृतला चालतं का हे? त्यात सासूबाईंनी आधीच सांगून ठेवलंय की चपलांच्या स्टँडवर गीता ठेवायची नाही, मग सुरुवात कुठून करू?

ओट्यापाशी:
चालतं की! पंधराव्याला तर जास्तच, कारण त्यात चित्रं भरपूर आहेत. सासूबाईंचं ऐका, चपला सोडा, दारावरच्या तोरणापासून सुरू करा. पहिला श्लोक म्हणजे मुळं वर फांद्या खाली असा उलटा पिंपळ, तो तोरणाच्या जागी टांगायचा, तोरणाची पानं म्हणजे ‘छन्दांसि यस्य पर्णानि’. ६वा देव्हाऱ्यात, श्लोकातल्या परमधामात सूर्य चंद्र अग्नी कोणाचाच उजेड चालत नाही म्हणून मी देव्हाऱ्यातली समई विझलेली बघते. मग स्वयंपाकघर. ८व्याला एक्झॉस्ट फॅन, फोडणीचा वास बाहेर ओढून नेतो ना, तेच ‘वायुर्गन्धानिवाशयात्’. ९वा बेसिनच्या आरशात, कान डोळे त्वचा जीभ नाक, याच क्रमाने स्वतःकडे बघत म्हणायचं. तुमचा हरवणारा १०वा मागच्या दारात उभा करा, ‘उत्क्रामन्तं स्थितं वापि’, एक जण निघालाय, एक उंबऱ्यात थांबलाय आणि तिसरा तिथेच ताट घेऊन जेवतोय (भुञ्जानं!). १२वा खिडकीतलं ऊन, १३वा खिडकीखालचा औषधांचा डबा (‘ओषधीः’ म्हणजे खरं तर वनस्पती, पण आपल्याला काय, आठवल्याशी मतलब) आणि १४वा गॅसची शेगडी, वैश्वानर म्हणजे पोटातला अन्न पचवणारा अग्नी, ‘पचाम्यन्नं चतुर्विधम्’ आणि बर्नरही चारच. आमची तीन बर्नरची होती तेव्हा मी चौथ्यावर मिक्सर धरायचे 😄

संथावाला:
वस्तू क्रम सांगतील ताई, शब्द नाही सांगणार. ‘न तद्भासयते’चं ‘न तद्भासते’ झालं तर समई काही टोकणार नाही. पाठशाळेत संथा देतात, गुरुजींनी एकदा म्हणायचं, आपण ऐकून दोनदा, शब्द कानानेच बसतात त्याला दुसरा उपाय नाही. आणि अडखळता ते सांध्यावर, श्लोकात नाही. वेदांच्या क्रमपाठात पहिलं-दुसरं पद, मग दुसरं-तिसरं, मग तिसरं-चौथं असं साखळीने म्हणतात, तेच इथे करा, पूर्ण श्लोक न म्हणता फक्त शेवटचा चरण आणि पुढच्याचा पहिला. ‘तत्तेजो विद्धि मामकम्, गामाविश्य च भूतानि’ एवढंच, भाजी चिरताना. काही सांधे तर आयते मिळतात, ६वा ‘तद्धाम परमं मम’ला संपतो आणि ७वा ‘ममैवांशो’ने सुरू. चालही लक्षात ठेवा, २ ते ५ आणि १५वा मोठ्या चालीचे, बाकी सगळे अनुष्टुभ, म्हणजे आठ-आठ अक्षरांच्या चरणांचे. १४व्यानंतर चाल बदलली नाही तर समजायचं काहीतरी गाळलं. त्या १५व्यातच ‘मत्तः स्मृतिर्ज्ञानमपोहनं च’ आहे, म्हणजे आठवणं आणि विसरणं दोन्ही त्याच्याकडूनच, जाऊबाईंना तसं सांगून टाका.

रात्रीचा_अभ्यास:
गीता नाही पण एमपीएससीसाठी हेच करतो. राज्यघटनेच्या १२ अनुसूच्या अख्ख्या रूमवर लावल्यात. ७वी तीन कप्प्यांचं कपाट (संघ, राज्य, समवर्ती सूची), ८वी टीव्ही कारण २२ भाषा, ९वी फरशी कारण जमीन सुधारणा आणि १०वी पक्षांतरबंदी, ती मात्र चपलांच्या स्टँडवरच, मेसमधून येताना लोक दुसऱ्याची घालून येतात 😂 ही ट्रिक लय जुनी आहे, रोमन लोक भाषणं अशीच पाठ करायचे. ‘रेटोरिका आद हेरेन्नियम’ म्हणून इ.स.पू. पहिल्या शतकातलं लॅटिन पुस्तक आहे त्यात म्हटलंय की दर पाचव्या जागेला खूण करा, सोन्याचा हात वगैरे. तुम्ही ५, १०, १५, २०ला हळदीकुंकवाची बोटं लावा, मनातल्या मनात हां, भिंतीवर नको. मग मध्ये घसरलं तरी मागच्या खुणेपासून धरता येतं, पहिल्यापासून परत नको. आणि हलणाऱ्या वस्तू घेऊ नका, माझ्या रूममेटने टेबल फॅन गावी नेला तर अख्खी ५वी अनुसूची गेली, आता ती खिडकीच्या गजाला बांधलीय.

गॅलरीतली_तुळस:
मागच्या दारातला जेवणारा माणूस आता डोळ्यासमोरून हलत नाहीये, १०वा पक्का! १६व्यापासून मात्र घरच संपलं, वन बीएचके आहे हो. ‘द्वाविमौ पुरुषौ’ला काय लावू?

ओट्यापाशी:
बेडवरच्या दोन उशा, आणि १७वा ‘उत्तमः पुरुषस्त्वन्यः’ म्हणजे तिसराच कोणीतरी, तो वर पंख्याला. पुढचे तीन गॅलरीत न्या, तुळशीच्या कुंडीपाशी २०वा संपवा. आणि संथावाले दादा म्हणतात ती साखळी सोडू नका, माझं १८-१९ त्यानेच बसलं.