बदामाच्या गरापर्यंत खमंगपणा पोहोचत नाही : मार्गदर्शन हवे आहे

नमस्कार.

जाड बुडाच्या कढईत बदाम भाजताना मला एकच अडचण वारंवार येते आहे. मध्यम आचेवर सात-आठ मिनिटे सतत परतल्यावर साल गडद होते, खमंग वास सुटतो आणि मी कढई उतरवते. परंतु गार झालेला बदाम मधोमध कापून पाहिला, तर सालीलगत जेमतेम रेघेएवढी तपकिरी कड दिसते आणि आतला गर पांढराच राहिलेला असतो. चावताना आधी करपल्याचा कडवटपणा जाणवतो आणि मागाहून कच्चट, दुधट चव येते.

माझ्या वाचनाप्रमाणे हा सुगंध मुख्यतः मेयार अभिक्रियेतून येतो, जिचे वर्णन फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई-कामिय मेयार यांनी १९१२ मध्ये केले. उष्णतेमुळे अमिनो आम्ले आणि शर्करा यांचा संयोग होऊन पुढे पायराझिनसारखी संयुगे तयार होतात, आणि भाजल्याचा तो ओळखीचा वास बराचसा त्यांचाच असतो. सुमारे १४० अंश सेल्सिअसच्या पुढे ही अभिक्रिया वेग घेते, पण गरातला ओलावा निघून जाईपर्यंत आतले तापमान सावकाशच चढते. त्यामुळे साल करपू लागते तेव्हा गर अजून वाळतच असावा, असा माझा तर्क आहे.

म्हणून मी ओव्हनमध्ये १५० अंशांवर वीस मिनिटे भाजून पाहिले. या वेळी गराला आतपर्यंत एकसारखा फिकट बदामी रंग आला, कुरकुरीतपणाही उत्तम होता, मात्र कढईतल्या बदामांचा तो ठसठशीत सुगंध काही आला नाही. घरभर दरवळणारा वास हा बदामातून निघून गेलेलाच वास असतो, हे मला मान्य आहे; तरीही चावताना जाणवणारा फरक स्पष्ट होता.

तेव्हा जाणकारांना माझी विनंती आहे : आधी मंद आचेवर ओलावा काढून शेवटची काही मिनिटे आच वाढवली, तर आतपर्यंत भाजणे आणि ठसठशीत सुगंध हे दोन्ही साधते का? तसे असल्यास आच नेमकी केव्हा वाढवावी, हे कशावरून ओळखावे? शिवाय उतरवल्यानंतरही बदाम आतल्या उष्णतेने भाजले जात राहतात, तर ते हव्या त्या रंगाच्या किती आधी काढून ताटात पसरावेत? मी एका वेळी २०० ग्रॅम बदाम सालीसकट आणि एकाच थरात भाजते.